पान एकशे सत्याऐंशी, ओळ नववी

कालिंदी टिळेकरांच्या कादंबरीची प्रुफं
मी नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत तपासली.
पानाला बावीस रुपये.
पंखा लावला की पानं उडत, म्हणून पंखा बंद.

नायिका चार लग्नं करते.
तिला शहाणपण शिकवणं माझं काम नव्हे.
ऱ्हस्व-दीर्घ बघायचं,
आणि एका पानावरची निळी साडी
पुढच्या पानावर हिरवी होत नाही ना, एवढंच.

मलपृष्ठावर छापायचं होतं :
खऱ्या प्रेमाच्या शोधात निघालेली स्त्री.
निघालेली मला ती कुठे दिसली नाही.
प्रत्येक वेळी कुणीतरी न्यायला आलं होतं.

पहिला भवानी पेठेतला, लाकडाच्या वखारीचा मालक.
पान बारावर तो ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहितो : मृणालिनी.
(टाइपात 'मृ' तुटला होता. मी जोडला.)
हाक आली की ती मागे वळून बघते,
कोण उभं आहे म्हणून.
पान चौतीसवर पहिल्यांदा ओ देते.
पान एकोणसाठवर, केसांत अजून भुसा,
डेक्कनला मैत्रिणीच्या दारात उभी.

दुसरा एरंडवण्यातला प्राध्यापक.
रजिस्टर लग्न, वीस माणसं, पेढे.
"नाव बदलण्यावर माझा विश्वास नाही," तो म्हणतो
आणि सात वर्षं तिला
पहिल्याने ठेवलेल्या नावाने हाक मारतो.
तिची पत्रं लाल शाईने सुधारून परत देतो.
इथे मी जरा थांबले.
माझ्याही हातात लालच पेन होतं.

तिसरा खडकीच्या फॅक्टरीतला, बिजवर.
घरातल्या एकूण एक भांड्यावर कोरलेलं : सौ. माधवी.
"तू माधवीच हो ना.
एवढी भांडी पुन्हा कुठे कोरत बसायची?"
ती होते.
वाट्या घासताना अंगठा त्या अक्षरांवरून फिरत राहतो,
अकरा पानं.

चौथा हडपसरच्या पुढे रोपं विकतो.
वय एकसष्ट, ऐकायला कमी.
लग्न कधी झालं ते बाईंनी लिहिलेलंच नाही.
एका प्रकरणात तो नाही, पुढच्यात आहे.
आणि पान एकशे सत्याऐंशी, ओळ नववी,
कुंड्या सावलीत सरकवता सरकवता तो म्हणतो,
"सगुणा, झारी दे गं."

सगुणा?
सगुणा फक्त पान अकरावर आहे, बाप जिवंत असताना.
त्यानंतर ते नाव तिने कुणालाही सांगितलेलं नाही.
मी सगळं पुन्हा वाचून काढलं.
नाही सांगितलेलं.
शब्द खोडला. समासात लिहिलं :
माधवी? की मृणालिनी?

कालिंदीबाई चष्मा बदलून बघत राहिल्या.
"हे मी लिहिलंय?"
"हस्तलिखितात आहे. तुमचंच अक्षर."
"मग त्याला कसं कळलं?"
मला काय विचारता, अगदी तोंडावर आलं होतं.
खाली कुणाच्या तरी आधार कार्डाच्या प्रती निघत होत्या.
चहावर साय धरली.
मग त्यांनी माझंच पेन घेतलं
आणि खोडलेल्या शब्दाखाली ठिपके दिले,
एक एक करून.
आमच्या धंद्यात त्याचा अर्थ,
जसं होतं तसं राहू द्या.
तीन पुरतात. त्यांनी सात दिले.

पुस्तक आलं. तीनशे प्रती.
दोन महिन्यांनी सहकारनगरहून एका निवृत्त गृहस्थांचं कार्ड :
"पृ. १८७, ओळ ९. नायिकेचे नाव चुकले आहे.
मुद्रितशोधक झोपले होते काय?"

कार्ड टेबलाच्या काचेखाली आहे.
उत्तर लिहून ठेवलंय, तिकीट लावायचं राहिलंय :
स. न. वि. वि.
चूक आहे, मान्य.
पण ती पान बारापासून सुरू होते.