फ्रीजमधली किल्ली

लाल दिवा लुकलुकत असेल तर रेकॉर्डिंग सुरू नाही.
लुकलुकणं म्हणजे मी तयार आहे, इतकंच.
बटण दुसऱ्यांदा दाबायचं, मग दिवा स्थिर होतो.
हे मला पाठ आहे. कास्त्रोच्या संग्रहालयात
नव्या मुलांना मीच शिकवते.
आणि तरीही त्या दिवशी, चिलोए बेटाच्या पार टोकाला,
रोसामेल वेन्चुर यांच्या स्वयंपाकघरात
एक तास सात मिनिटं
दिवा माझ्यासमोर डोळे मिचकावत राहिला
आणि मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले.

तयारी मात्र चोख होती.
टेबलावर शालीची घडी, घडीवर यंत्र,
म्हणजे कप ठेवल्याचा दणका नको.
फ्रीज घरघरत होता, त्याची पिन काढली
आणि गाडीची किल्ली आत ठेवली, लोण्याशेजारी.
"हे काय?"
म्हटलं, किल्लीशिवाय मला जाता येणार नाही.
ती घ्यायला दार उघडेन, आतला दिवा लागणार नाही,
मग आठवेल, पिन लावायची राहिलीय.
नाहीतर तुमचे शिंपले नासतील.
ते हसले. आधी खांदे, मग आवाज.
"विसराळू माणसाची हुशारी."

मग होड्यांवर आले.
सिप्रेसच्या फळीवर बोटाचं पेर आपटायचं.
निरोगी फळी उत्तर देते, सडकी आवाज गिळते.
"एका होडीत एक फळी गिळायची.
गिऱ्हाईक घाईत होतं, मी वरून रंग दिला.
ती बुडाली नाही, यास्ना.
अकरा वर्षं रोज परत यायची
आणि रोज मी धक्क्यावर उभा,
मोजत, माणसं किती उतरली."

बायकोलाही सांगितलं नव्हतं, म्हणाले.

मी आकड्यांकडे पाहिलं. शून्य, शून्य, शून्य.
यंत्र बिघडलंय, म्हटलं.
बिघडला होता माझा अंगठा. पण म्हटलं, यंत्र.

त्यांनी ते तळहातावर घेतलं, बॅटरीचं झाकण उघडलं.
स्प्रिंगवर खाऱ्या हवेचं हिरवट कीट,
ते सुरीच्या टोकानं खरवडलं,
चॉकलेटच्या चांदीची घडी करून खाली सरकवली,
कार्ड काढून, फुंकर मारून, परत बसवलं.
जे बिघडलं नव्हतं ते सगळं दुरुस्त केलं.
शेवटी यंत्राच्या पाठीवर पेरानं दोनदा ठोकलं, कान लावला.
"हे तर धड वाजतंय,"
आणि माझ्याकडे बघितलं, हवं त्याहून थोडा जास्त वेळ.

पुन्हा सांगा, म्हणायची छाती झाली नाही.
या खेपेला दिवा स्थिर. ते बटाट्यांवर बोलले,
कुठला आतून जांभळा,
कुठल्या वाकड्यातिकड्या बटाट्याला सासूचं नाव पडलं, आणि का.

वीस मिनिटं. फाइल आमच्याकडे आहे, कुणीही ऐकावी.
अखेरीस खुर्ची सरकते, फ्रीजचं दार उघडतं,
मी "अंधार" असं काहीसं पुटपुटते,
मग पिन, मग घरघर.
नियमानं ही शेपटी कापायला हवी.
दर हिवाळ्यात कापायला बसते.
पण त्या घरघरीमागून ते हळूच काहीतरी म्हणतात,
दोन शब्द असतील, फार तर तीन.
पन्नास हर्ट्झवर चाळणी लावून पाहिली,
हेडफोननं कान दुखेपर्यंत ऐकलं.
लागत नाही.

किल्ली हाताला गार लागली होती, तेवढं आठवतं.