साका

मे महिन्यात बावीचा गाळ काढताना
बाबलोने खालून हाक मारली,
"काका, हय एक बाटली असा!"
म्हणजे ती अजून होती.

कठड्याखाली एक चिरा निखळलेला,
त्या पोकळीत मीच ठेवलेली, नायलॉनच्या दोरीने बांधून,
बोट सोडून कायमचा उभादांड्याला आलो त्या वर्षी.
श्रावणात पाणी चढायचं, ती बुडायची.
दिवाळीनंतर पुन्हा उघडी पडायची.
लेबल केव्हाच विरघळलं.
नाव फक्त मला ठाऊक, बारोलो,
आणि किंमत,
जी मी घरी अजून सांगितलेली नाही.

सावोना बंदरात जहाजाला शिधा पुरवणारा एत्तोरे
म्हणाला होता, वीस वर्षं हात लावू नकोस,
आत्ता प्यायलास तर तोंड आवळून येईल
आणि मला शिव्या देशील.
धुक्यातलं द्राक्ष आहे हे, नावातच धुकं.
मला सांगायचं होतं की आमच्याकडे
पौषात धुकं पडलं की मोहोर करपतो,
बागवाला उठून आधी आभाळाला शिवी देतो.
पण तेवढी इटालियन मला येत नव्हती.
मी नुसता "सी, सी" म्हणालो.

इनास आला तेव्हा ऊन उतरलं होतं.
बुचाचा भुसा झाला, अर्धा आत पडला.
मग पंचाच्या धुतलेल्या कापडातून गाळणं आलं.
मी लोणच्याची रिकामी बरणी काढली,
हेमलताने ती हातातून काढून घेतली,
दुधाचं काचेचं भांडं दिलं,
एक शब्द न बोलता.

रंग बघून मी हिरमुसलो. एवढा फिका?
मग ग्लास बल्बसमोर धरला :
मधे रातांब्याची साल,
कडेला धुतलेल्या जांभ्याचा लालसर तपकिरी.
इनासने उराक पितात तसा घोट मारला.
"बोंडूचो रस," म्हणाला, "आणि लोखंड."
आणि ग्लास खाली ठेवला.
मीही प्यायलो. काहीच नाही. ओली लाकडं.
इतक्या वर्षांचं पाणी आत शिरलं असणार,
नाहीतर आपल्या उकाड्याने मारलं असणार.
एत्तोरेने कोकणचा मे कुठे पाहिला होता!

तासाभराने हेमलता अंगणातली आमसुलं गोळा करून आली.
ती पीत नाही. कधीच नाही.
पण तीस वर्षं ती आगळाचे कॅन
झाकण किंचित फिरवून नुसत्या वासावर निवडते,
यंदाचं कुठलं, गेल्या सालचं कुठलं,
कुठल्यात मीठ कमी पडलं.
तिने ग्लास उचलला, नाकाशी धरला,
मग पदराने हात पुसून पुन्हा धरला.

"होडयेक डांबर लावतत ना," म्हणाली, "तसो वास."
थोडं थांबून,
"आणि गुलाब. ताजो न्हय.
देवाक वाहिलेलो, दुसऱ्या दिसाचो."

मी एत्तोरेबद्दल तिला कधी बोललो नव्हतो.
त्याने बोटांवर मोजून सांगितलेलं :
धुकं, डांबर, सुकलेला गुलाब.
मला वाटलं होतं, विकायला म्हणतोय.

मग आम्ही पुन्हा प्यायलो, लहान घोट.
तुरटपणा होता, पण भांडत नव्हता,
जिभेवर येऊन बसला, उठायची घाई नाही.
गिळल्यावर इतका वेळ राहिला
की इनासने काढलेली बिडी
तशीच बोटांत धरून ठेवली.

शेवटी तळाशी साका उरला,
मातीसारखा, दाट.
मी फेकायला उठलो तर ती म्हणाली, राहू दे.
सकाळी ग्लास तसाच ओट्यावर होता,
न धुतलेला, तिच्या घरात.

बाव स्वच्छ झाली.
बाबलो दोर गुंडाळून निघायच्या आत
हेमलता यंदाच्या आगळाची बाटली घेऊन आली,
बुचावर मेण ओतलेली.
"थयच ठेव," त्याला म्हणाली, "त्याच भोकात."
मग माझ्याकडे वळून,
"किती वर्सां?"

मी माझं वय मिळवून पाहिलं.
"तू सांग," म्हटलं.