बोटभर रकाना

चौकशीच्या कागदावर ‘कारण’ लिहायला
बोटभर जागा.

सातवरचा पंखा बंद.
शुगरच्या कौतिकाबाई पदरानं वारा घेत बसलेल्या,
तेव्हा नऊवरून रुख्मा मडावी गोधडीतूनच म्हणाली,
‘ये न माय इथं, मले तं हीव वाजते.’
दोघी बदलल्या.
केसपेपर पलंगांनाच लटकत राहिले.

रात्री लाइट गेली.
बाळंतिणीपासून धावत आले,
मोबाइलचा उजेड दातांत,
सातला इन्सुलिन.

रुख्माला दरदरून घाम फुटला.
म्हटलं, चला, ताप उतरला.

पहाटे ती हाकेला ओ देईना.
शिरेतून साखर सोडली. डोळे उघडेस्तोवर
धानोऱ्यातले कोंबडे आरवून गप्प झाले होते.

बोटभर जागेत पंखा मावत नाही.
‘ये न माय’ तर नाहीच.
‘नजरचूक’ लिहिलं.
सही. तारीख.