साबण न लागलेलं मडकं

विडी घरकुलात नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तेही पहाटे तीनला, करंगळीएवढं.
म्हणून यल्लव्वा गज्जम आंबिलीचं मडकं घासत नाही.
तळाशी वाटीभर कालची राहू देते,
तिच्यावरच आजचं ज्वारीचं पीठ कालवते.
"घासून काय करू? चव परत कुठनं आणू?"
(ती अंबली म्हणते, मी आंबील.
वीस वर्षं शेजारी आहोत, अजून मिटलेलं नाही.)

मे महिन्यात, पारा त्रेचाळीसवर,
निर्जंतुक बाटली घेऊन मी तिच्या उंबऱ्यात बसले.
तिनं विड्यांचं सूप बाजूला सारलं,
तंबाखूचे हात पदराला पुसले,
पळीभर ओतली
आणि विचारलं, "परीक्षेला हे येतं?"

येतं, अक्का.

सातवी वसाहत वेगळी निघाली,
टाचणीच्या डोक्याएवढी, पांढरी.
काचेच्या ताटलीत पाणी घेतलं, पाण्यावर तेल.
पुस्तकात खनिज तेल लिहिलंय.
मी अण्णांच्या यंत्रमागाचं आणलं, काळं,
ज्याचा डाग टॉवेलच्या काठाला पडला
की शनिवारच्या पगारातून पैसे कापतात.
मधोमध एकच थेंब सोडला.
त्यात जिवाणू नव्हते, ते गाळून घेतले होते,
त्यांनी केलेलं काहीतरी तेवढं होतं.

तेल मागे सरलं.
आवाज नाही, फेस नाही.
बाळंतिणीच्या खोलीत सुईण शिरावी
आणि सगळ्यांनी भिंतीला पाठ लावावी, तसं.
मध्ये स्वच्छ गोल.
फूटपट्टी लावली: सहा सेंटिमीटर.
हात हलला होता, पुन्हा लावली.
सहाच.

दुसऱ्या प्लेटवर पू करणारे जंतू
सतरंजीसारखे अंथरले होते.
मी पाडलेल्या खड्ड्याभोवती मात्र
सतरा मिलिमीटर कुणी नाही.

त्या रात्री प्लेटा धुताना हातात साबणाची वडी होती
आणि मी नळ चालू ठेवून उभी राहिले:
जिथं साबण कधी पोचला नाही
तिथं बसून
कुणीतरी साबण करत होतं.

प्रबंधात लिहिलं, स्रोत: आंबील, सोलापूर.
मडक्याला रकाना नाही. यल्लव्वालाही.

नवरात्राआधी नव्या सुनेनं घर काढलं.
शिरीषानं, स्वतःच्या पैशांनी, टँकर मागवून.
गोधड्या, डबे, देव,
आणि निळ्या पावडरीनं ते मडकं,
आतून-बाहेरून, काथ्या लावून, उन्हात.
पुढं तीन दिवस आंबील म्हणजे नुसतं पीठपाणी.
यल्लव्वा सुनेला एक अक्षर बोलली नाही.
मला बोलली.
"तू नेली होतीस ना गं थोडी?"

नेली होती.
उणे वीस अंशांत, ग्लिसरॉलमध्ये निजवलेली,
झाकणावर स्केचपेननं 'य-७'.
नमुना आला, हे लिहायला रजिस्टर आहे.
परत गेला, हे कुठं लिहावं कळेना.
सरांना विचारलं नाही.

तीन रात्री तिला ज्वारीच्या पेजेवर वाढवली,
तिथलं दुसरं काही खायला घातलं नाही.
मग स्टीलच्या डब्यात, शेअर रिक्षात,
अशोक चौकातल्या खड्ड्यांवर
डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून
घरी.

यल्लव्वानं बोट बुडवलं. जिभेवर ठेवलं.
बराच वेळ काही नाही.
शिरीषा दारात, ओढणीचं टोक पिळत.

"हिला दवाखान्याचा वास लागलाय,"
यल्लव्वा म्हणाली,
आणि सगळी मडक्यात ओतली,
वरून फडकं बांधलं.

"असू दे. माहेरी आलीय.
आठ दिवसांत वळणावर येईल."