लेगबाय

रविवारी सकाळी मी दोन पेन्सिली टोकतो,
एक काळी, एक लाल. लाल फक्त विकेटसाठी.
सोमवार ते शनिवार तुर्भ्याच्या वजनकाट्यावर
ट्रक लिहितो, आधी रिकामे, मग भरलेले.
सातव्या दिवशी ऐरोलीच्या मैदानावर
माणसं लिहितो.

एकवीस हंगाम झाले. ब गट.
एकदा चुकून अ गटात गेलो होतो,
तिथले सगळे सामने हरून
गुपचूप घरी परत आलो.

मैदानावरून हायटेन्शनच्या तारा जातात.
त्यांच्यासाठी लीगनं खास कलम घातलंय:
चेंडू तारेला लागला, तर तो चेंडू झालाच नाही.
आजवर असे तीन झाले नाहीत.
त्यातला एक भोपीच्या शैलेंद्रचा, अठ्ठ्याण्णववर असताना.
पुढच्या चेंडूवर त्रिफळा.
आता त्याची मुलगी बालवाडीत जाते,
पण मैदानात पाय ठेवला की
अजून तो आधी वर बघतो.

परवा आमचे दहाच आले.
अकराव्याची रात्रपाळी महापेला लांबली,
फोनवर नुसतं जांभई देत सॉरी म्हणाला.
कप्तान तांडेल माझ्या टेबलापाशी येऊन
वहीकडे बघत राहिला. मला कळलं.
यादीत शेवटचं नाव मीच लिहिलं,
माझ्याच अक्षरात, आणि ते परकं दिसलं.

त्यांच्या वह्या वर्तक मॅडम लिहितात,
कोपरीच्या, गणित शिकवून निवृत्त.
आम्ही बारा वर्षं एकाच टेबलाशी बसतो,
दर षटकाला एकमेकांची बेरीज तपासतो,
कुटुंबाबद्दल कधी विचारलेलं नाही.
म्हणाल्या, “जा तुम्ही. दोन्ही मी लिहिते.”

नऊ बाद. बरोबरी. तीन चेंडू.
हेल्मेटला कुणाच्या तरी तेलाचा वास,
पॅड मांडीपर्यंत, मॅटिंगचा एक खिळा वर आलेला,
तो मी बॅटनं ठोकला.
सगळे ठोकतात म्हणून.
पहिला चेंडू दिसलाच नाही.
दुसरा दिसला, म्हणजे असं वाटलं,
आणि बॅटची आतली कड, मग पॅड,
मग तांडेलचं “काका, पळाऽ!”

पळालो.
मला उचलायचा प्रयत्न झाला, पण
गुडघ्याची तक्रार आल्यावर सोडून दिलं.

मग पाहिलं, अंपायर खांबेटे
पाय वर करून गुडघा थोपटत होते.
लेगबाय.

इतकी वर्षं मी पोरांना सांगत आलो,
“खूण येईल तेच वहीत जाईल,
तुला काय वाटलं ते घरी आईला सांग.”

टेबलापाशी आलो. माझ्या नावापुढे
दोन टिंबं, गोल, शाळेतल्यासारखी,
मग नाबाद, मग शून्य.
धाव खाली, अवांतरच्या रकान्यात.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला.
“बॅटला लागला होता ना? आवाज आला मला.”
डावा अंगठा अजून झिणझिणत होता.
“अंपायरनं गुडघा थोपटला,” मी म्हणालो.
त्यांनी खोडरबर माझ्याकडे सरकवला होता,
तो परत घेतला,
आणि थर्मासच्या झाकणात
मला अर्धा चहा ओतून दिला.
बेरीज दोन्ही वह्यांत सारखीच आली.

सोमवारी पहिला ट्रक लोखंडाचा.
क्लीनर केबिनमध्ये झोपलेला, तोंड उघडं.
नियमानं त्याला खाली उतरवावं लागतं,
नाहीतर त्याचं वजनही मालात जातं.
रोज काच ठोकतो मी.

अंगठा जरा सुजला होता.
आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो,
आणि ड्रायव्हरला म्हणालो,
“झोपू दे त्याला.
साठेक किलो असेल ना? ते मी खाली वेगळं लिहितो.”