फुटतुटीची वही

या, एकेक जण या. ढकलाढकली नको.
नो ड्यूजवर पहिली सही माझी लागते,
मग ग्रंथालय, मग ऑफिस, मग तुम्ही मोकळे.
पंख्याखाली थांबा, लाईट आहे तोवर.

ही वही. एक कोपरा ॲसिडनं खाल्लेला.
तीन वर्षांत जिंतूरच्या या लॅबमधे
काय काय फोडलंत,
सगळं माझ्या अक्षरात आहे.

रेणुका दुधाटे. दोन ब्युरेट.
पहिली फुटली तेव्हा सिंकपाशी रडायली होतीस.
दुसरी फुटली तेव्हा झाडू तूच आणलास,
काचा कागदात गुंडाळल्यास
आणि म्हणालीस, मावशी, लिहा माझ्या नावावर.
त्या दोन ब्युरेटच्या मधे कुठंतरी तू मोठी झालीस.
गुणपत्रिकेत ते येत नाही.
इथं आहे, पान चौदा.

सय्यद मुदस्सीर. थर्मामीटर, एक.
पारा टेबलभर गोळ्यागोळ्यांनी पळायला
आणि तू त्याच्यामागं ओंजळ घेऊन!
किती ओरडले मी.
निसटत्या गोष्टीमागं धावायची तुझी खोड जायची नाही.
धाव बाबा. वाळूजला जा, आणखी लांब जा,
फक्त उघड्या हातानं नको.

वैजनाथ गरड.
तुझ्या नावापुढं काहीच नाही.
एक परीक्षानळीसुद्धा नाही.
सर म्हणतील शाबास. मी म्हणणार नाही.
जोडीदार ओतायचा, तू आकडे उतरवायचास,
हात कायम पाठीमागं, लग्नात फोटो काढल्यासारखे.
सही नंतर. आधी ती ब्युरेट भर.
हो, आत्ता. सगळे बघायलेत तर बघू देत.

तो भरतोय तोवर ऐका.
मी नववी पास. मालक गेले, त्यांच्या जागेवर लागले.
पहिल्याच दिवशी ट्रे घेऊन वळले
आणि चार फ्लास्क खाली.
वाटलं, नोकरी गेली. दोन लेकरं घरी.
तेव्हाच्या सरांनी हीच वही ओढली,
चष्मा पुसला, लिहिलं:
‘चार फ्लास्क. जुने होते.’
जुने नव्हते. खोक्यातला भुसा अजून चिकटलेला होता त्यांना.

बाहेर प्रत्येक जागी
असं लिहिणारं कुणी भेटेलच, हे मी सांगत नाही.
भेटणार नाही कधी कधी.
पगारातून कापतील, चारचौघांत बोलतील,
तुम्ही रात्री रूमवर छताकडं बघत पडाल.
सकाळी उठा. झाडू कुठं ठेवलाय ते विचारा.
आणि पुढं कधी तुमच्या हाताखाली
ट्रे घेऊन थरथरणारं कुणी आलं,
तर ते दोन शब्द तुम्हाला लिहिता येतात.
एवढंच शिकवलं मी तुम्हाला. बाकीचं सरांनी.

वैजनाथ, सावकाश. थेंब थेंब.
गुलाबी येईल, हलवलं की जाईल.
परत येईल, परत जाईल.
गेला म्हणून घाबरून नळी सोडू नको,
आला म्हणून नाचू नको.
राहील तो रंग, राहील.
एक थेंब अजून.
अर्धा.

बघ.
बघ, राहिला.

अरे, हसतोस काय वेड्यासारखा, कोपर सांभाळ, ते नरसाळं

फुटलं.

टाळ्या कशाला वाजवता रे?
थांबा, पेन कुठंय माझा.
गरड वैजनाथ. काचेचं नरसाळं, एक.
पस्तीस रुपये. ऑफिसात भर आणि पावती जपून ठेव.
आणि हे नवं होतं. नवं होतं असंच लिहिते.
तुझं पहिलं आहे.

आण तो फॉर्म.
कुठं करू सही?