शून्य

पार्नूच्या बंदरात पाणी मोजायची नोकरी विर्वेची.
सकाळी सहाला लोखंडी पट्टीशी वाकायचं,
आकडा वहीत, वही कचेरीत,
कचेरीत मी.

माझं काम सोपं. तिचा आकडा खोडायचा
आणि वर लिहायचं: शून्य.
समुद्र वाढत नाही, असा ठराव झाला होता
वरच्या मजल्यावर, पडदे ओढून, एकमताने.

अकरा वर्षं तिने काही विचारलं नाही.
मीही नाही.
राय-पाव मिळत होता, खारवलेले मासे,
हिवाळ्यात कोळशाचं कूपन.

मग मार्चात, खाडीतला बर्फ फुटत होता तेव्हा,
ती आत आली, बूट काढले
आणि माझ्या टेबलावर उपडे केले.
फायलींवर पाणी पसरलं, शेवाळाचा एक धागा.
"हे शून्य," ती म्हणाली, "कुठे ठेवू?"

एवढंच. ना घोषणा, ना वळलेली मूठ.
साहेब हसले. मग हसायचे थांबले,
कारण ती उत्तरासाठी उभीच होती,
अनवाणी.

एक प्रश्न सुटला की मागचे दम धरत नाहीत.
तळघरातले बटाटे कशाने कुजले?
'ओल' म्हणाला तो शेजारचा हाइनो
परत का आला नाही?
पाणी मुरतंय ते नक्की कुठे?
आणि मी इतकी वर्षं वाकत होते
ती पट्टीपुढे, की आणखी कुणापुढे?

तिला कामावरून काढलं.
तिने होड्यांचा निळा रंग घेतला,
पाणी जिथवर चढलं तिथे रेघ मारली, खाली तारीख.
आधी स्वतःच्या भिंतीवर. मग बेकरीच्या,
शाळेच्या, आमच्या कचेरीच्या दारावर,
माझ्या छातीइतक्या उंचीवर.
दिवसा आम्ही पुसायचो. तो रंग होड्यांचा,
पाण्याला न भिणारा.

गुरुवारी तिला नेलं.
शुक्रवारी नव्या रेघा होत्या,
तिच्या हातच्या नव्हेत.
एक थरथरती, कुणा म्हाताऱ्याची.
एक खडूची, वाकडी,
चवड्यांवर उभं राहून मारलेली.

नवा माणूस हुशार निघाला.
वहीत शून्य स्वतःच लिहून पाठवू लागला.
मला खोडायला काही उरलं नाही.

आज सहाला मीच बंदरात गेलो.
वाकलो. बूट भिजले.
परत येऊन शून्य खोडलं,
वर लिहिलं: एकशे त्रेचाळीस.
वही मिटली.
मग पुन्हा उघडली,
आणि तशीच ठेवली.